कोरड्या गावची ओली भिंत

“पाऊस नाही, नदी नाही, विहिरीला पाणी तीनशे हातांवर. मग भिंत ओली होईल कशानं, उस्ताद?”

खेताराम उभ्यानंच विचारत होता.

कासम उस्ताद ओसरीवर बसून थापी पुसत होते. वय ऐंशीच्या पुढं. बोटं चुन्यानं खाल्लेली. त्यांनी मान वर केली नाही.

“भिंत ओली होती असं मी म्हटलं का?”

“तुम्ही नाही. गाव म्हणतंय.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, घर जुनं होतं. दोनशे वर्षांचं. आयुष्य सरलं, पडलं. माणूस नाही का जात?”

“जातो,” उस्ताद म्हणाले.

आणि थापी पुसत राहिले...

सोनासर हे थरच्या वाळवंटातलं गाव. पिवळ्या दगडाची घरं, एकाला एक चिकटलेली. नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी, लोहारगल्लीतल्या पेमीबाईच्या घराची मागची भिंत कोसळली होती.

भिंतीला पाठ टेकून तिची सून गवरा खेजडीच्या शेंगा निवडत बसली होती. सव्वीस वर्षांची. पेमीबाई शेजारीच होती. सूप आणायला म्हणून उठली.

ती सूप घेऊन परत आली तेव्हा खोलीत धूळ होती, आणि धुळीपलीकडे मागची गल्ली दिसत होती.

या घराची दुरुस्ती चार वर्षांपूर्वी खेतारामनं केली होती.

खेताराम हा उस्तादांचाच चेला. अकरा वर्षं त्यानं त्यांच्या हाताखाली चुना मळला, दगड घडवले, ओळंबा धरला. मग शहरात गेला, बांधकामाचं शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र घेऊन आला. तो आला त्याच वर्षी गावात नळ आला. लोकांना वरच्या मजल्यावर न्हाणीघर हवं होतं, भिंती गुळगुळीत हव्या होत्या. खेतारामनं चाळीस घरं नवी करून दिली. उस्तादांकडं कुणी येईनासं झालं.

आज तो आला होता. हातात कागद होता.

“सोमवारी जिल्ह्याहून साहेब येतोय, चौकशीला. गावातला सगळ्यात जुना कारागीर म्हणून तुमचा जबाब घेणार. मी लिहून आणलाय. तुम्ही फक्त अंगठा द्या.”

“वाच.”

“सदर इमारत अतिजीर्ण झाल्याने...”

“अतिजीर्ण म्हणजे?”

“फार म्हातारी.”

“मीही अतिजीर्ण आहे. अजून कुणाच्या अंगावर पडलो नाही.”

खेताराम हसला नाही.

“उस्ताद, माझं नाव जाईल. चाळीस घरांतली माणसं रोज दारात येतात. आमची भिंतही पडेल का, विचारतात.”

“तू काय सांगतोस?”

“सांगतो, नाही पडणार.”

“तुला माहीत आहे?”



उस्तादांनी थापी खाली ठेवली, काठी घेतली आणि उठले.

“चल. बघू.”

सकाळचे अकरा वाजले होते, तरी गल्लीत पाय ठेववत नव्हता. प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत होता. प्रत्येक कूलरखाली भिंतीवर काळा ओघळ होता. काही ओघळ जमिनीपर्यंत पोचले होते, आणि तिथं चार बोटं हिरवं गवत उगवलं होतं. सबंध गावात हिरवं असं तेवढंच.

एका घरापाशी उस्ताद थांबले. ओघळावर तळहात ठेवला. मग गाल ठेवला.

“काय करताय?” खेतारामनं विचारलं.

“गार आहे,” उस्ताद म्हणाले, आणि पुढं चालू लागले.

पेमीबाई शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसली होती. तिच्या घराच्या दाराला दोरी बांधली होती. आत ढिगाऱ्यात तिचा मुलगा जगमाल उकिडवा बसून चाळणीनं माती चाळत होता. तो सुरतेला कामाला होता. बायको गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पोचला, तोवर सगळं उरकलं होतं.

“काय शोधतोस, बेटा?” उस्तादांनी विचारलं.

“तिच्या पायातलं कडं. चांदीचं. एक मिळालंय.”



पेमीबाईनं खेतारामला पाहिलं. उठली नाही.

“आलास? ये. बघून घे तुझा गिलावा. किती गुळगुळीत होता! हात फिरवला तर घसरायचा. एका तुकड्यात आला खाली. दाराएवढा.”

“मावशी, घर जुनं...”

“जुनं होतं तेव्हा उभं होतं.”

खेताराम जमिनीकडं पाहू लागला.

“गवरानं तुला सांगितलं होतं,” पेमीबाई म्हणाली. “दुसऱ्याच वर्षी. मी होते तिथं. म्हणाली, भाऊजी, भिंतीतून पांढरं पीठ झडतंय, अंथरुणावर पडतंय, जिभेला लावलं तर खारट लागतंय. रात्री भिंत घामेजते. तू काय म्हणालास?”

खेतारामनं हातातला कागद खिशात घातला.

“सांग ना. काय म्हणालास?”

“म्हणालो, वहिनी, वरून रंग देऊ.”

“दिलास. आधी सिमेंटचा आणखी एक हात, मग त्यावर रंग. निळा. तिला आवडला होता.”

उस्ताद मध्ये पडले नाहीत. काठी टेकत जिन्याकडं वळले.

“वर चल,” ते खेतारामला म्हणाले. “लोटाभर पाणी घे.”

घराचा पुढचा भाग शाबूत होता. ते दोघं धाब्यावर गेले. पूर्वी इथं चुन्याचा कोबा होता. खेतारामनं त्यावर चकचकीत फरशी बसवली होती आणि कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी ठेवली होती.

“ओत.”

“कुठं?”

“मध्यभागी.”

खेतारामनं लोटा रिता केला. पाणी क्षणभर थबकलं. मग हळूहळू निघालं. पुढच्या गल्लीकडं गेलं नाही. मागं गेलं, पडलेल्या भिंतीकडं, आणि कोपऱ्यात थांबलं.

“पन्हळ कुठं आहे?” उस्तादांनी विचारलं.

“बुजवली.”

“का?”

“गल्लीत पाणी पडायचं. लोक कुरकुरायचे. आणि पाऊस पडतो किती, उस्ताद? वर्षातून दोनदा.”

“दोनदा पडलेलं पाणी जातं कुठं?”

खेताराम कोपऱ्याकडं पाहत होता. पाणी दोन फरश्यांच्या फटीत उतरत होतं. सावकाश, आवाज न करता पिणाऱ्या माणसासारखं.

“गेल्या भाद्रपदात तीन तास पाऊस झाला,” उस्ताद म्हणाले. “हे धाबं किती दिवस भरलेलं होतं?”

“मला काय माहीत?”

“मला माहीत आहे. चार दिवस. पाचव्या दिवशी कोरडं झालं, तेव्हा पेमीनं सगळ्यांना सांगितलं, उन्हानं सुकलं.”

ते खाली उतरले. मधल्या मजल्यावर न्हाणीघर होतं. नळाची नळी मागच्या भिंतीत गाडून नेलेली होती. भिंत पडली तेव्हा तिचं टोक उघडं पडलं होतं. सांध्यापाशी हिरवा थर जमला होता.

“हा सांधा कधी गळायला लागला?”

“गळत नव्हता. मी स्वतः तपासला होता.”

“कधी?”

“बसवला तेव्हा.”

उस्तादांनी मान हलवली.

“आणि कूलर?”

“कूलर मी लावला नाही.”

“खिडकी तू पाडलीस. त्याच भिंतीत.”

“लोकांना गारवा नको का? तुमच्या काळात गवरासारख्या बायका उन्हाळ्यात कशा राहायच्या, ठाऊक आहे मला. माझी आई तशीच उन्हानं गेली. तुमचा चुना, तुमचे झरोके, सगळं होतं घरात. तरी गेली.”

पहिल्यांदाच खेतारामचा आवाज चढला होता.

उस्ताद थांबले. 

“खरं आहे,” ते म्हणाले. “कूलर हवाच. मी कुठं नको म्हणतोय?”

“मग दोष कशाचा?”

“इकडं ये.”

भिंत जिथं तुटली होती तिथं ते उभे राहिले. जुनी बांधणी स्पष्ट दिसत होती. दगडाच्या दोन रांगा, एक आतून, एक बाहेरून, आणि मध्ये हातभर मातीचा गाभा. बाहेर आलेली माती वरून उन्हानं तडकून पांढरी पडली होती.

“बघा,” खेताराम म्हणाला. “कोरडी आहे.”

“हात घाल.”

“कुठं?”

“आत. दगडांच्या मध्ये. कोपरापर्यंत.”

खेतारामनं बाही वर केली. बोटांनी वरचं कवच फोडलं, हात आत सारला. मनगट गेलं. कोपर गेलं.

आणि तो तसाच उभा राहिला...

“काढ.”

त्यानं हात काढला. मुठीत माती होती. त्यानं मूठ दाबली. बोटांच्या मधून ती भाकरीच्या पिठासारखी बाहेर आली.

वैशाखाचं ऊन. भिंत पडून नऊ दिवस झालेले.

“ही घरं तहानेवर उभी होती, खेता,” उस्ताद म्हणाले. “बायका तीन कोसांवरून डोक्यावर पाणी आणायच्या. तोंड धुतलेलं पाणी भांड्यात धरायच्या, त्यानंच भांडी घासायच्या, तेच मग उंटाला पाजायच्या. भिंतीला थेंब मिळत नव्हता. म्हणून माणसानं आत माती भरली. त्याला काय ठाऊक, एक दिवस भिंतीलाही नळ येईल!”

“पण ओल तर सगळ्याच भिंतींना येते. सुकते.”

“चुना असता तर सुकली असती. चुना श्वास घेतो. जे आत गेलं ते परत सोडतो. थोडा पापुद्र्यासारखा सुटतो, पांढरा खारट लोणा झडतो, दर दोन वर्षांनी हात फिरवायचा. भिंत घामेजत होती, म्हणजे सांगत होती. तू काय केलंस?”

 खेतारामला उत्तर माहीत होतं. अकरा वर्षांपैकी तिसऱ्या वर्षी त्याला हे शिकवलेलं होतं. कुठल्या घरात, कुठल्या भिंतीपाशी, तेही त्याला आता आठवत होतं.

“तोंड बंद केलं,” तो शेवटी म्हणाला.

“दोनदा,” उस्ताद म्हणाले.

ते बाहेर आले तेव्हा पेमीबाई दोरीपाशी उभी होती. तिचा सगळा ताठा गेला होता. तिनं उस्तादांचा हात धरला.

“कासमभाई, एक विचारू? खरं सांगा.”

“विचार.”

“मागं भिंतीलगत मी मधुमालती लावली होती. गवराला फुलं आवडायची. रोज कपडे धुतलेलं पाणी मी मुळाशी ओतायचे. दोन बादल्या. चार वर्षं... त्या पाण्यानं तर नाही ना झालं?”

खेतारामनं मागं वळून पाहिलं. भिंतीच्या पायाशी वेल अजून होती. ढिगाऱ्यातून वर आली होती, आणि फुललेली होती. तिच्या बुडाशी माती काळी होती. पायाचा एक दगड तिथंच कलला होता.

उस्तादांनीही तिकडं पाहिलं.

“नाही, पेमी,” ते म्हणाले. “झाडाचं पाणी झाड पितं.”

“खरंच?”

“साठ वर्षं भिंती बांधतोय. मला विचार.”

पेमीबाईनं पदर तोंडाला लावला. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. जगमाल चाळणी टाकून तिच्यापाशी आला.

उस्ताद आणि खेताराम तिथून निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत आले.

“खोटं बोललात,” खेताराम म्हणाला.

“हो.”

“पायाचा दगड कलला होता. मी पाहिला. तुम्हीही पाहिलात.”

“पाहिला.”

“मग माझ्यासाठीही बोला. एवढंच म्हणा, घर म्हातारं होतं. तिच्यासाठी बोलता येतं, माझ्यासाठी का नाही?”

“तिला मी शिकवलं नव्हतं.”

खेताराम जागीच उभा राहिला. त्याचा चेहरा फटकारल्यासारखा झाला होता. मग त्याला काहीतरी सुचलं, आणि त्याच्या तोंडावर एक वाईट हसू आलं.

“तुम्ही आला होता,” तो म्हणाला.

“कुठं?”

“काम पुरं झालं तेव्हा. पेमीमावशीनं गावजेवण दिलं होतं. तुम्ही मागच्या खोलीत, त्याच भिंतीसमोर पंगतीला बसला होता. मी वाढत होतो.”

उस्ताद चालत राहिले.

“तुम्ही गिलाव्यावर टिचकी मारली होती. मला आठवतंय. दोनदा. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की नाही?”

उस्ताद चालत राहिले...

“उस्ताद! कळलं होतं की नाही?”

एका बंद दुकानाच्या पायरीवर म्हातारा बसला. काठी आडवी मांडीवर घेतली.

“त्या दिवशी तू काय म्हणाला होतास, आठवतं?”

“नाही.”

“मी टिचकी मारली, तेव्हा तू पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालास, उस्तादांचा चुना आता काचेच्या कपाटात ठेवायला हवा, बघायला लोक येतील. सगळे हसले. गवराही हसली. तोंडावर पदर घेऊन.”

खेतारामला खरंच आठवत नव्हतं.

“मला कळलं होतं,” उस्ताद म्हणाले. “टिचकीचा आवाजच सांगत होता. धाब्यावर गेलो होतो हात धुवायला, पन्हळ बुजलेली पाहिली. नळी कुठून नेली तेही पाहिलं. ही भिंत पाच वर्षं काढणार नाही, हे मला त्या दिवशी जेवता जेवता कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

“मी विचारलं नाही म्हणून?”

“त्या भिंतीमागच्या गल्लीतून नेहमी जायचो. नमाजाला जाताना वाट वाकडी करून जायचो. भिंतीला पोट सुटत चाललेलं बाहेरूनही दिसत होतं. पहिल्या वर्षी बोटभर. मग तीन बोटं. मी घरी येऊन बसायचो. वाटायचं, आता येईल. एक दिवस खेता येईल, ओसरीवर बसेल, म्हणेल, उस्ताद, तुमचंच खरं होतं...”

ते थांबले.

“मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. फार चांगलं उत्तर होतं.”

खेताराम त्यांच्यासमोर मटकन खाली बसला. गल्लीतली तापलेली धूळ त्याला जाणवलीच नाही.

“त्या घरात माणसं राहतात, हे तुमच्या मनात आलं नाही?”

“आलं. रोज आलं. म्हटलं, अजून एक वर्ष निघेल.”

वरून कूलरचा एक थेंब त्यांच्या दोघांच्या मध्ये पडला. मग दुसरा.

खेतारामनं खिशातला कागद काढला, फाडला.

“सोमवारी मी सांगतो सगळं,” तो म्हणाला. “गिलावा, पन्हळ, नळी. सगळं.”

“मीही,” उस्ताद म्हणाले.

सोमवारी पंचायतीच्या खोलीत साहेब आला. चाळिशीचा, थकलेला, सभ्य माणूस. त्याला त्याच दिवशी आणखी दोन गावं करायची होती. त्यानं छापील फॉर्म काढला.

“घटनेच्या दिवशी पाऊस होता?”

“नाही,” खेताराम म्हणाला.

“भूकंप? स्फोट? जवळपास खोदकाम?”

“नाही. साहेब, गिलावा माझा होता. सिमेंटचा.”

“सिमेंट मान्यताप्राप्त होतं?”

“होतं. पण...”

“प्रमाण बरोबर होतं?”

“प्रमाण बरोबर होतं. साहेब, मातीच्या भिंतीवर सिमेंट...”

“त्याला कुठल्या नियमाची मनाई आहे?”

खेतारामला असा नियम माहीत नव्हता. साहेबालाही नव्हता. त्यानं पेन थांबवलं, खेतारामकडं सहानुभूतीनं पाहिलं.

“हे बघा, तुम्हाला वाईट वाटतंय. समजू शकतो. पण फॉर्ममध्ये वाईट वाटण्याचा रकाना नाही.”

मग त्यानं उस्तादांना विचारलं, “बाबा, तुमचं मत?”

“भिंत मी पाडली,” उस्ताद म्हणाले.

साहेबानं भुवया वर केल्या. “तुम्ही तिथं होता?”

“नव्हतो. जायला हवं होतं.”

खोलीत कुणीतरी हलकेच हसलं. साहेब हसला नाही. त्यानं दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला खूण केली.

“बाबांना सावलीत बसवा. उन्हातून आलेत. पाणी द्या त्यांना.”

शिपायानं पेला आणून दिला. उस्तादांनी तो घेतला. प्यायला नाही. हातात धरून बसून राहिले.

खेताराम तोंड उघडणार होता. मातीची मूठ कशी दाबली जाते ते सांगणार होता, पांढऱ्या पिठाचं, निळ्या रंगाचं सांगणार होता. पण साहेबानं फॉर्म त्याच्यासमोर सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली होती. तिच्यावर लिहिलं होतं, “इमारत अतिजीर्ण.” खेतारामनं स्वतः कागदावर लिहिलेला शब्द. साहेबानं तो आपणहून लिहिला होता.

आणि खेतारामच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं.

ते त्याला जाणवलं. त्याची त्याला शिसारी आली. तरी हात पुढं झाला, आणि त्यानं सही केली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. कुणाचाही दोष नव्हता. लोहारगल्लीतली अकरा जुनी घरं धोकादायक ठरवून रिकामी करण्याचा हुकूम निघाला. पेमीबाईचं उरलेलं घर यंत्र लावून पाडण्यात आलं. अर्ध्या दिवसात. मधुमालतीही गेली.

पेमीबाईला जगमाल सुरतेला घेऊन गेला. जाण्याआधी ती उस्तादांच्या ओसरीवर येऊन गेली. म्हणाली, कासमभाई, तुमच्या एका शब्दावर मी जगतेय. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं कडं मिळालं का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

नळ मात्र कुणी बंद केले नाहीत. कूलरही नाहीत. उन्हाळा अजून दीड महिना बाकी होता.

निकालाचा कागद हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेताराम उस्तादांकडं आला. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला. दोघांनी मावळतीकडं पाहिलं. उडालेल्या वाळूनं आकाश मळलेलं होतं.

“चाळीस घरं आहेत माझी,” खेताराम म्हणाला. “काल सहा घरी गेलो. म्हटलं, गिलावा खरवडून काढू, चुना लावू, फुकट करतो. कुणी दारात घेतलं नाही. म्हणतात, सरकारनं लिहून दिलंय, तुझा दोष नाही. मग भिंत कशाला खराब करतोस?”

उस्ताद ऐकत होते.

“एकानं तर चहा पाजला. अभिनंदन केलं.”

“पुन्हा जा.”

“जाईन. रोज जाईन.” खेतारामनं कागद उलगडला, पुन्हा घडी केली. “पण उस्ताद, काल रात्री मी झोपलो. महिन्याभरानं पहिल्यांदा झोप लागली. सकाळी उठलो आणि वाटलं... काय वाटलं ते सांगायची लाज वाटते.”

“सांग.”

“वाटलं, सुटलो.”



“सुटलो,” उस्ताद म्हणाले. “मीही सुटलो, खेता. आता आपल्याला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही.”